उघड्या तारांचे झाड

सुजाण वाचकहो, पुढील हकीकतीत एका पित्याने उघड्या तारा हवेत जोडून निर्माण केलेल्या झाडाचे, त्या झाडाच्या कंठातून निघालेल्या स्वराचे, आणि तो स्वर ज्या एका जिवापर्यंत पोहोचावा म्हणून त्याने देह झिजवला त्या जिवाचे वर्णन येणार आहे. ही हकीकत घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर इसवी सन एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आश्विन महिन्यात घडली. आपण ती शांत चित्ताने वाचावी, एवढी प्रार्थना करून आरंभ करतो.

धोंडू मेस्त्री मूळचा कुडाळकडचा. गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, त्याची नऊ वर्षे गेली. संपात गिरणी बंद पडली ती त्याच्यापुरती कायमचीच, आणि मग तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात दारावरच्या घंटा बनवण्याच्या कामाला लागला. बटण दाबताच चिमणीसारखी चिवचिवणारी घंटा तेव्हा नव्यानेच घरोघर बसू लागली होती. हिरव्या पट्टीच्या भोकांतून सुट्या भागांचे पाय ओवायचे, पट्टी उलटी करायची आणि एकेका पायाला कथिलाचा डाख द्यायचा, असे ते काम होते. गाळ्यात एक नियम कडक होता. घंटा तपासायला चालू केली की पट्टीच्या पाठीला बोट लावायचे नाही. बोट लागले की चिमणीचा आवाज बसतो आणि माल नापास होतो. शेठ दिवसातून दहा वेळा ओरडत असत, "हात मत लगाव रे! चिडिया का गला बैठता है!"

धोंडूला अपत्य एकच, सुलक्षणा. येत्या मार्गशीर्षात ती सात वर्षे पूर्ण करणार होती, आणि जन्मापासून तिच्या कानांत एकही शब्द शिरलेला नव्हता. "सुलक्षणा" हे नाव घरात दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाई; ज्या जिवाचे ते नाव होते, त्या एका जिवालाच ते ठाऊक नव्हते.

कर्णबधिर मुलांची एक शाळा मुलुंडला होती. जून महिन्यात धोंडू आणि त्याची पत्नी जानकी मुलीला घेऊन तेथे गेले. अनुपमाबाई नावाच्या शिक्षिकेने सुलक्षणाला जाड गादीवर पाठमोरी बसवले, तिच्या हातात लाल मणी दिला, समोर पितळेची वाटी ठेवली, आणि आवाज आला की मणी वाटीत टाकायचा, हे हाताला धरून वीस वेळा शिकवले. नंतर तिच्या पाठीमागे घंटा वाजली, शिट्टी वाजली, खुळखुळा वाजला. मणी हातातच राहिला.

"ढोल वाजवून बघा ना, बाई," जानकी काकुळतीने म्हणाली.

"ढोलाचा हादरा अंगाला कळतो हो. तो ऐकण्यात धरत नाहीत. म्हणून तर ही गादी," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कठोर नव्हता, आणि म्हणूनच धोंडूला तो अधिक लागला. "आमचं सगळं शिकवणं थोड्याशा उरलेल्या ऐकण्यावर उभं आहे. तेवढंही नसेल तर आम्ही घेऊन काय करू? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आणा. एक जागा तोवर धरून ठेवते. त्यानंतर हिला सात पूर्ण होतील, मग माझ्या हातात काही नाही."

मोठ्या इस्पितळात कान तपासण्याच्या यंत्रासाठी जो नंबर मिळाला होता, तो पुढच्या फेब्रुवारीतला होता. म्हणजे दसऱ्यापर्यंतचे चार महिने हेच काय ते हाती होते.

धोंडूने प्रथम गाळ्यातली एक नापास घंटा मागून आणली आणि मुलीपुढे वाजवली. सुलक्षणाने त्या डब्याकडे पाहिले, नखाने झाकण खरवडले आणि डबा बाजूला सारला. बंद वस्तूत तिला कसलेच कौतुक वाटत नसे. ज्यात काही दिसते, हलते, हाताला लागते, तेवढेच तिचे जग होते. धोंडूने झाकण काढले, तेव्हा आत हिरवी पट्टी दिसली. तिचे सारे सांधे पाठीमागे दडलेले. ती पुन्हा उठून गेली.

त्या दिवशी धोंडूच्या मनात एक विचार विजेसारखा चमकला. पट्टी हवीच कशाला? आवाज जर तारांतूनच वाहतो, तर त्या तारा उघड्या हवेत का उभ्या राहू नयेत? मुलीला दिसू दे, वीज कोठून निघते, कोणत्या फांदीने वर चढते आणि कोठे गाते. हे सारे ती डोळ्यांनी शिकली, तर कदाचित कानही जागे होतील.

गाळ्यात त्याच्या शेजारी रतन बसत असे. तो औरंगाबादकडचा, पंचशीलनगरात राहणारा, आणि जिभेचा फटकळ.

"झाड?" रतन म्हणाला. "येडा झाला का रे तू? पट्टी नसली तर पार्ट उभे कशावर राहणार? तुझ्या डोक्यावर?"

"एकमेकांवर. माणसं राहतात तशी."

"माणसं कुठं राहतात यार? आमच्या चाळीत ये, दाखवतो." असे म्हणून तो हसला खरा, पण त्याच दिवशी शेठच्या परवानगीने नापास मालाची एक डबी त्याने धोंडूपुढे सरकवली. "हे घे. पाय तुटके आहेत, पण जीव आहे त्यांच्यात."

त्यानंतर प्रत्येक रविवारी धोंडू दारात बसून झाड घडवू लागला. कथिल चढवलेली तांब्याची तार तो पकडीने पिळे, खिळ्याभोवती वळवून तिला फांदीचा बाक देई. रंगीत पट्ट्यांचे बारीक रेझिस्टर ही पाने झाली, कपॅसिटर ही फळे झाली, आणि तीन पायांचे काळे ट्रान्झिस्टर फांद्यांच्या टोकांवर पाखरांप्रमाणे बसले. बुंध्याशी वाटीएवढा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. हवेत डाख देणे फार कठीण असते. एका हातात डाख देण्याचे तापलेले आयर्न, दुसऱ्यात कथिल, मग जोडायचे दोन भाग धरायचे कोणी? धोंडूने युक्ती काढली. तो भागांचे पाय बटाट्यात टोचून उभे करी आणि वरच्या टोकांना डाख देई.

"आजपण भाजीला डाखाच्या राळेचा वास येतोय," जानकी म्हणे. "बटाटे सोडा आता. सुरण आणून देते, त्यात खांबच उभे करा."

"सुरण खाजवतो गं."

"मग खाजवू दे! तेवढं तरी काहीतरी जाणवेल घरात कुणाला!" असे बोलून ती ताट घेऊन मोरीकडे वळली.

गणपती गेले तेव्हा झाड हातभर उंचीचे झाले होते. त्याला कोठे लाकूड नव्हते, पट्टी नव्हती. प्रत्येक सांधा उघडा, आणि उन्हात असा चमके की शेजारपाजारची माणसे मुद्दाम पाहायला येत. बटण दाबले की फांद्यांवरून चिवचिवाट उठे. सुलक्षणाला झाड फार आवडले. ती तासन्‌तास त्याच्यासमोर बसे, फांदी कोठून कोठे जाते ते बोट न लावता हवेतल्या हवेत गिरवी. बोट लावायचे नाही, हे बापाने तिला खुणेने बजावले होते, कारण गाळ्याचा नियम त्याच्या अंगात मुरलेला होता. परंतु झाड गात आहे की मुके आहे, यात तिला कसलाही भेद वाटत नसे.

धोंडूने आवाज चढवला. त्याची समजूत अशी होती की, जे कान बंद आहेत त्यांत सुईसारखा बारीक स्वरच शिरू शकेल. जाड स्वर बाहेरच अडेल. म्हणून दर रविवारी तो एखादे पान बदली आणि पाखरांचा स्वर आणखी टिपेला नेई. आवाज इतका टोकदार झाला की शेजारी दार लावून घेऊ लागले. एके रविवारी तो वाजत असता सुलक्षणा झटकन मागे वळली. जानकीच्या हातातली परात खाली पडली. धोंडू धावत पुढे झाला. मग त्याला दिसले की, दारातून मांजर आत आले होते आणि त्याची सावली मुलीच्या पुढ्यात पडली होती.

जानकीने परात उचलली. "बस झालं," ती म्हणाली. "रोज असं एकदा मरायचं आणि परत उठायचं, मला नाही झेपत. दसऱ्यानंतर मी हिला घेऊन गावी जाते. तिथे निदान कुणी सारखं वळून बघत नाही, ऐकलं का, ऐकलं का म्हणून."

"शाळेत नेऊन तर येऊ."

"कशाला? ती बाई नको म्हणेल ते डोळ्यांनी बघायला?"

 धोंडूने फक्त आणखी एक पान काढले आणि स्वर आणखी वर नेला.

अशा रीतीने दसरा उजाडला. साकीनाक्याच्या गाळ्यागाळ्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या. धोंडूने आपल्या आयर्नला हळद-कुंकू वाहिले, पेढा घेतला, आणि दुपारी आपट्याची पाने खिशात घालून तो टेकडी चढून घरी आला. दारातच तो थबकला.

घरात त्याची आई होती, जिला सारे आये म्हणत. ती झाडापुढे पूजेचे तबक घेऊन समाधानाने बसली होती. झाडाच्या प्रत्येक सांध्यावर ओल्या हळदीचे बोट आणि त्यावर कुंकवाचे बोट उमटलेले होते. एकही सांधा तिने वगळला नव्हता. फांद्यांवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि पानापानांवरून पाणी ठिबकत होते.

"आये! ह्या काय केलंस?"

"काय केलंय म्हणजे? दसरो नाय आज?" आये चकित होऊन म्हणाली. "तुझो बापूस साच्याक हळद-कुंकू लावल्याबिगर कामाक हात घाली नाय. तू हत्यार तसाच ठेवतलस?"

"ता हत्यार नाय गो! तेका पाणी चलणा नाय! उघड्या तारा आसत तेच्यात!"

"माका काय म्हायत? वाईच शिंपडलंय. देवाचा पाणी ता." आयेचा चेहरा उतरला; तिने नातीकडे बोट दाखवले. "चेडवासाठी देवाक गाऱ्हाणा घातलंय रे झिला. दुसऱ्या कोणासाठी?"

धोंडू झाडापुढे वाकला. उद्याची सकाळ आणि हे भिजलेले झाड! पट्टीवरचे काम असते तर वरचे पाणी पुसता आले असते; येथे तर सांधा हाच देह होता आणि तो सर्वांगी माखलेला होता. त्याला आईवर ओरडवेना आणि रडवेनाही. काय जळाले आणि काय वाचले ते तरी कळावे, म्हणून त्याने बटण दाबले.

चिवचिवाट उमटला नाही. झाडाच्या बुंध्यातून एक जाड, संथ गुणगुण निघाली. मार्व्याहून मनोरीला जाणारी लाँच दूर खाडीत असताना जशी ऐकू यावी, तशी. पाखरांच्या गळ्यातून खर्ज बोलत होता. गाळ्यात शेठने असा माल तत्काळ नापास केला असता.

सुलक्षणा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झेंडूच्या पाकळ्या सुट्या करत बसली होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली. मग ती सावकाश वळली आणि झाडाकडे नव्हे, बापाकडे नव्हे, तर छताकडे, दाराकडे, सगळीकडे पाहू लागली. जणू घरात कोणी आले आहे आणि ते कोठे उभे आहे हे तिला समजत नव्हते.

धोंडूने बटण बंद केले. तिचा शोध थांबला. ती पुन्हा पाकळ्यांकडे वळली. त्याने पुन्हा बटण दाबले. ती पुन्हा वळली.

"मांजर आलं असेल," जानकी दारातून म्हणाली. 

"दार लाव. तू बाहेर जा. आयेला पण ने."

आठ वेळा त्याने बटण दाबले. सहा वेळा सुलक्षणा वळली. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या जानकीला त्याने हे सांगितले, तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली आणि सासूच्या गुडघ्यावर डोके ठेवून हुंदके देऊ लागली. आये तिच्या केसांवरून हात फिरवत एवढेच म्हणत होती, "माका कोणीतरी सांगशात काय, झाला काय ता?"

काय झाले ते धोंडूला हळूहळू उमगत होते. कपॅसिटर म्हणजे विजेचे लहानसे मडके. ते भरते, रिकामे होते, पुन्हा भरते, आणि त्या भरण्याच्या गतीतून सूर निघतो. ओल्या हळदीने मडके गळू लागले होते. गळके मडके भरायला वेळ लागतो, म्हणून सूर खाली उतरला होता. चार महिने त्याने ज्या दिशेला जिवाचे रान केले, त्याच्या नेमक्या उलट दिशेला त्याच्या लेकीचे कान उघडे होते.

परंतु दुर्दैव एवढ्यावर थांबायचे नव्हते. सकाळी उठून त्याने बटण दाबले तो काय, हळद-कुंकू वाळून भुकटी झाली होती आणि झाड पुन्हा टिपेला चिवचिवत होते. सुलक्षणा तोंड धूत होती; तिला पत्ताही नव्हता. त्याने घाईने पुन्हा हळद कालवून लावली. ती जास्त झाली आणि झाड पूर्ण मुके झाले. कापसाने पुसले, चिवचिव परत आली. पुन्हा थोडे लावले, एक पाखरू कायमचे गप्प बसले. आता आयर्न तापवून सुधारायला वेळ नव्हता. दहा वाजता मुलुंडला पोहोचायचे होते.

"चला," जानकी म्हणाली. "जसं आहे तसं न्या."

आंब्याच्या जुन्या पेटीत गवत घालून त्यात झाड ठेवले. वाटेत रतन भेटला. "शेठला सांगतो तुझं पोट बिघडलंय," तो म्हणाला, आणि मग पेटीत डोकावून गंभीर झाला. "अरे, हे तर नवरीसारखं माखलंय! वाजतंय ना?"

"वाजतंय. नको तसं."

बसमध्ये धोंडूने पेटी मांडीवर घेतली होती. प्रत्येक खड्ड्याला तो ती अलगद वर उचलून धरत होता. सुलक्षणा खिडकीतून दुकाने पाहत होती, आणि आपल्या उभ्या आयुष्याचा आज निवाडा आहे हे त्या बालजिवाच्या गावीही नव्हते.

शाळेत तीच खोली, तीच जाड गादी, तीच पितळी वाटी. अनुपमाबाईंनी झाड सगळ्या बाजूंनी न्याहाळले. मग म्हणाल्या, "तुम्ही केलंत हे?"

"होय बाई. काल हिने ऐकलं. सहा वेळा. आईची शपथ."

"बरं. पण जमिनीवर ठेवू नका, हादरा नको. हातात धरा, मागे उभे रहा."

सुलक्षणा पाठमोरी बसली. लाल मणी तिने गालाशी धरला. धोंडूने बटण दाबले. चिवचिवाट खोलीभर घुमला. मणी हलला नाही. बाईंनी खूण केली, त्याने पुन्हा दाबले. मणी हलला नाही. तिसऱ्यांदा. जानकीने पदर तोंडात कोंबला.

"मेस्त्री," बाई हळूच म्हणाल्या, "असं होतं हो. आईबापांना वाटतं ऐकलं म्हणून. मी रागावत नाही तुमच्यावर. पण आता पुरे."

 धोंडूच्या तळहातांना भीतीने पाणी सुटले होते. ते झाड त्या ओल्या हातांतून निसटते की काय असे त्याला वाटले. आणि त्याच क्षणी, वाचकहो, साकीनाक्याच्या गाळ्यातील तो ओरडा त्याच्या कानांत घुमला: हात लावू नका, चिमणीचा गळा बसतो! वर्षानुवर्षे जो नियम त्याने पाळला आणि पोटच्या मुलीकडूनही पाळून घेतला, तो मोडायची वेळ आली होती.

"बाई, एकदाच. तुमच्या पाया पडतो. एकदाच."

त्याने बटण दाबले, आणि घामाने ओली दोन बोटे कपॅसिटरच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर टेकवली. चिवचिवाट ढासळला. स्वर पायरी पायरी उतरत खाली गेला, बोटे जोरात दाबली गेली तेव्हा क्षणभर विझला, हलकी झाली तेव्हा पुन्हा उमटला, आणि शेवटी तो जाड, संथ खर्ज खोलीत उभा राहिला. धोंडूचा हात कापत होता, म्हणून तो स्वरही कापत होता.

वाटीत मणी पडल्याचा टण्‌ असा आवाज झाला.

 बाईंनी दुसरा मणी मुलीच्या हातात दिला आणि धोंडूकडे पाहून मान हलवली. त्याने बोटे काढली, चिवचिवाट झाला. मणी हातातच. बोटे टेकवली. टण्‌. बोटे काढून त्याने बटण बंद केले आणि नुसताच उभा राहिला. मणी हातातच. पुन्हा बटण, पुन्हा बोटे. टण्‌.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला. "खालचे सूर आहेत हिच्याकडे," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये मी सगळं बारीकच वाजवलं. तुम्ही तरी चार महिने कुठे होतात हो?"

"वर होतो बाई," धोंडू म्हणाला. "उगाच वर वर जात होतो."

"हे बघा, उगाच आशा लावत नाही. सगळे शब्द येणार नाहीत. जे येतील ते अर्धे येतील. वर्षं लागतील. पण जागा हिची." त्यांनी टेबलाच्या खणातून फॉर्म काढला. "आईचं नाव सांगा."

जानकीला स्वतःचे नाव सांगता येईना. ते धोंडूने सांगितले.

बाई लिहीत असता सुलक्षणा गादीवरून उठली आणि बापाजवळ आली. मणी टाकण्याचा खेळ थांबला म्हणून ती जराशी रुसली होती. तिने झाडाकडे पाहिले, बापाची बोटे कोठे टेकली होती ते पाहिले, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिले. कारण बोट लावायचे नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. धोंडूने झाड खाली धरले, बटण दाबले आणि मान हलवून होकार दिला. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि आपली दोन छोटी बोटे त्या दोन तारांवर ठेवली. तिची बोटे कोरडी होती, त्यामुळे स्वर बापाच्या स्वराइतका खाली उतरला नाही. किंचित वर, अधांतरी थांबला. तिने मान तिरकी केली. मग बोटे जिभेला लावून ओली केली आणि पुन्हा टेकवली. स्वर खाली आला, आणि तिच्या मुखावर जे उमटले ते पाहून तिच्या बापाने झाड आणखी तिच्या हाताशी धरले.

तिने बोटे उचलली. टेकवली. उचलली. टेकवली. बाईंचे लिहिणे थांबले होते, तरी त्यांनी तिला थांबवले नाही.

येथे ही हकीकत पुरी होते. मी धोंडूच्या शेजारचा. ते झाड माझ्या डोळ्यांसमोर वाढले, आणि जे मी पाहिले नाही ते त्याने व जानकीवहिनींनी मला सांगितले. माझे शिक्षण अल्प आहे. लिहिण्यात जे उणे राहिले असेल त्याचा दोष माझा, आणि जे आपल्या अंतःकरणाला भिडले असेल ते त्या कुटुंबाचे. आपण आपला मोलाचा वेळ देऊन येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
काशीराम भिवा घाडी
असल्फा, घाटकोपर